बुडवायला काढलेली रायफल

१

विल्हो रूसकानेन रायफल बुडवायला निघाला होता.

लेंपी तीहोनेनने त्याची होडी पाहिली तेव्हा ती स्वतः जाळं ओढत होती. जून लागला होता, सरोवर अगदी निवांत होतं आणि पलीकडच्या किनाऱ्यावरचे बर्च पाण्यात उलटे उभे होते. अशा सकाळी शहाणा माणूस मासे धरतो किंवा गुपचूप बसतो. विल्हो मात्र सरोवराच्या मधोमध, जिथे गळाची दोरी तळाला टेकत नाही तिथे, वल्ही आत ओढून बसला होता. त्याच्या मांडीवर गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक होतं आणि गोणपाटाला दगड बांधला होता.

जन्मभर पोलिसांच्या गुन्हे शाखेत काढलेल्या बाईला दगड बांधलेलं गोणपाट पाहून स्वस्थ बसवत नाही. निवृत्त होऊन आईच्या घरी परतल्यापासून गावात एकच गुन्हा घडला होता, तो म्हणजे कुणाची तरी ब्लूबेरीची बादली पळवल्याचा, आणि तो अस्वलाने केला होता. लेंपीने जाळं तसंच सोडलं आणि होडी वळवली.

"विल्हो, काय चाललंय?"

"मर्तिक."

"कुणाचं?"

"हिचं." त्याने गोणपाटावर थाप मारली. "तू तुझे मासे बघ, पोरी."

लेंपी त्रेसष्ट वर्षांची होती, पण विल्होच्या लेखी ती पोरगीच होती. गोणपाटात काय आहे हे तिला न उघडता समजलं. विल्होची रायफल सगळ्या सावो प्रांताला ठाऊक होती. लष्कराने मोडीत काढलेली, युद्धाच्या काळातली, बर्चच्या लाकडाची. खडीच्या जुन्या खाणीत दर मे महिन्यात जुन्या लष्करी रायफलींची स्पर्धा व्हायची, आणि तीत कोण पहिला येणार हे विचारणारा परगावचा समजला जायचा.

"यंदा नववा आलो," विल्हो म्हणाला. "नववा! आर्वी हुत्तुनेन पहिला आला. माझे हात गेले, लेंपी. बाबांचे ह्याच वयात गेले होते. आधी निशाण चुकलं, मग गळाला आमिष लावता येईना, मग चमचा धरता येईना. शेवटी त्यांना दुसऱ्यांनी भरवलेलं मी पाहिलंय. माझं तसं होण्याआधी मी इथून जातो. सोमवारी माझा पुतण्या यार्मो कागद घेऊन येतोय. घर, किनारा, सगळं त्याला देतो आणि शहरात म्हाताऱ्यांच्या घरात जाऊन राहतो. ही तिकडे नेता येत नाही, आणि दुसऱ्याच्या हातात मला बघवणार नाही."

हे सगळं तो न रडता, न ओरडता, हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलला.  लेंपी त्याच्या होडीत बघत राहिली. पायाखालच्या ओल्या फळीवर त्याने एक कागद अंथरला होता. तो स्पर्धेतला निशाणाचा कागद होता. त्यावरची भोकं तिने पाहिली, मग मान तिरकी करून पुन्हा पाहिली.

"विल्हो," ती म्हणाली, "आमच्या धंद्यात पोस्टमॉर्टेम झाल्याशिवाय पुरायची परवानगी नसते. ती सोमवारपर्यंत माझ्याकडे द्या."

२

खडीच्या खाणीत लेंपी एकटीच गेली. विल्हो यायला तयार नव्हता. तिने वाळूच्या पिशव्या रचल्या, रायफल त्यांवर टेकवली आणि दीडशे मीटरवरच्या काळ्या ठिपक्यावर नेम धरला.

ती काही मोठी नेमबाज नव्हती. पोलिसात असताना ती दरवर्षी जेमतेम उत्तीर्ण व्हायची. पण वाळूची पिशवी थरथरत नाही, हा तिचा गुण.

पहिली गोळी ठिपक्याच्या मधोमध लागली. लेंपीला स्वतःलाच हसू आलं. दुसरी जरा वर आणि उजवीकडे गेली. तिसरी आणखी वर, आणखी उजवीकडे. पाचवी तर कागदाच्या कोपऱ्यात जाऊन बसली. दुर्बिणीतून तिने पाहिलं तेव्हा भोकांची एक जिन्यासारखी रांग दिसली, विल्होच्या कागदावर होती तशीच.

तिने नळीला हात लावला. चटका बसला. मग ती खडीच्या ढिगावर बसली, थर्मासमधली कॉफी प्यायली, वेलदोड्याचा पाव खाल्ला आणि नळी गार होईपर्यंत कोकिळेचं ऐकत बसली. मग पुन्हा नेम धरला. पुन्हा पहिली गोळी मधोमध लागली. दुसरीने तोच जिना चढायला सुरुवात केली.

लेंपीने रायफल खाली ठेवली आणि बराच वेळ तिच्याकडे नुसती बघत राहिली. तिने खोटं बोलणारी हजारो माणसं पाहिली होती. पण तोंड नसलेली वस्तू इतकं स्पष्ट खरं बोलताना तिने प्रथमच पाहिलं.

ती विल्होच्या घरी गेली तेव्हा तो पायरीवर कुत्र्याशेजारी बसला होता.

"तुमच्या वडिलांची निशाणं कशी चुकायची?"

"कशी म्हणजे? चहूकडे. एक खाली, एक डावीकडे, एक पार झाडात."

"कापरा हात असाच चुकतो. त्याला दिशा नसते. आणि इथे सगळ्या गोळ्या एकाच वाटेने एकामागून एक चढतायत. पहिली मधोमध, मग जसजशी नळी तापते तसतशी वर उजवीकडे. तुमच्या हातात तशाच, वाळूच्या पिशवीवर तशाच. दुखणं तुमच्या हाताचं नाही, विल्हो. हिचं आहे."

विल्हो कुत्र्याच्या कानामागे खाजवत राहिला.

"तू माझं मन राखतेयस, पोरी. इतकी वर्षं जी चुकली नाही ती एका हिवाळ्यात कशी बिघडेल? घरात कपाटात बंद होती." मग त्याचा हात थांबला आणि चेहरा बदलला. "कुणी बिघडवल्याशिवाय."

३

लेंपीने स्वयंपाकघराच्या टेबलावर चादर पसरली. विल्हो समोर बसला. त्याला हात लावायची बंदी होती. तपासात घरच्या माणसाने दूर राहायचं, हा नियम.

आधी तिने नळीचं तोंड भिंगाखाली पाहिलं. काठ शाबूत होता. आतून नळी स्वच्छ, आरशासारखी. काडतुसं त्याच पेटीतली, जी विल्हो गेली कित्येक वर्षं वापरत होता. पुढची माशी, म्हणजे नेम धरायचं ते पोलादी टोक, तिला कुणी ठोकलं असेल का? माशीवर आणि तिच्या बैठकीवर मिळून एक बारीक रेघ कोरलेली होती. रेघ अखंड होती, म्हणजे माशी हललेली नव्हती.

"आता कागद द्या. वहीचा, पातळ."

कागदाची पट्टी तिने नळीखाली घातली आणि नळी आणि लाकूड यांच्या फटीतून मागे सरकवली. लष्करी रायफलीत लाकूड नळीला जवळजवळ टोकापर्यंत सोबत करतं, पण अंगाला लागत नाही. लागून चालतच नाही. पोलाद तापलं की लांबतं, आणि गोळी सुटताना ती सबंध नळी थरथरते. तिला जागा लागते. पट्टी थोडी आत गेली आणि अडकली. डावीकडून खालून लाकडाने नळीला धरलं होतं.

"असं कधीच नव्हतं," विल्हो कुजबुजला. "तिथे फट होती. मी स्वतः ठेवली होती."

स्क्रू सुटले. नळी वर उचलली आणि लाकडाच्या खोबणीतून एक वास आला. त्या घरातल्या दोघांनाही तो आईच्या दुधासारखा ओळखीचा होता. पाइनचं लाकूड जाळून काढलेल्या डांबराचा. होड्यांना लावतात, स्कींना लावतात, चर्चच्या छपराला लावतात. खोबणीच्या तळाशी त्याचा काळसर, चकचकीत थर बसला होता, एकावर एक चढवलेला. आणि लेंपीने लाकूड खिडकीकडे धरून एक डोळा मिटून पाहिलं तेव्हा ते अगदी किंचित वाकलेलं दिसलं. केसभर म्हणा.

"एवढंच?" ती म्हणाली. तिचा स्वतःवर विश्वास बसेना. एवढ्याशा फरकाने दीडशे मीटरवर हातभर चूक होते. आणि ज्यांनी युद्धाच्या धामधुमीत, बर्फात, उपाशीपोटी हे लाकूड तासलं त्यांनी तो फरक नुसत्या बोटांनी ओळखून सांभाळला होता. तिला त्या न पाहिलेल्या माणसांना नमस्कार करावासा वाटला.

"आणि हे बघा." स्क्रूंच्या बैठकीत, जिथे पोलाद लाकडावर टेकतं तिथे, पितळेचे दोन पातळ तुकडे बसवलेले होते.

"माझेच आहेत," विल्हो म्हणाला. "नीट बसावं म्हणून घातलेले."

"पण हे उजळलेत. कुणीतरी काढून, घासूनपुसून पुन्हा बरोबर जागी ठेवलेत."

विल्हो उठून उभा राहिला. पितळेच्या तुकड्यांचा अर्थ कळायला त्याला पोलिसात असण्याची गरज नव्हती.

"रायफल खोलणारा आणि पितळ ओळखणारा ह्या गावात माझ्याशिवाय एकच आहे. आणि यंदा पहिला तोच आला." तो खिडकीशी गेला. "चाळीस वर्षं माझ्यासोबत एका बाकावर बसतो तो, लेंपी. आर्वी असेल तर मला काही शोधून नकोय. माझे हात गेलेलेच बरे."

४

एका माणसावर बोट ठेवलं की बाकीचे सुटतात, आणि लेंपीला ही चूक पूर्वी महागात पडली होती. म्हणून ती आधी सिल्वीकडे गेली.

सिल्वी ही विल्होची विधवा बहीण, त्याच आवारातल्या लहान घरात राहणारी. फेब्रुवारीत विल्हो बर्फावर घसरून खुबा मोडून इस्पितळात पडला, तेव्हा घर तिनेच सांभाळलं. विल्होने शहरात जावं म्हणून ती उघड उघड मागे लागली होती.

"मी?" सिल्वी राईच्या पिठात मासे घोळवत होती. ते पीठ तिने हवेत उडवलं. "मला त्याला अडवायचं असतं तर मी वल्ही जाळली असती! त्या लोखंडाला कशाला हात लावू? मला त्याच्या खुब्याची काळजी आहे. पुढच्या वेळी पडला तर कोण उचलणार? मी? माझ्याच गुडघ्यात त्राण नाही."

"कपाटाची किल्ली कुठे असते?"

"घड्याळामागे. सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"हिवाळ्यात घरात कोण कोण यायचं?"

"ईस्टरला यार्मो आला. किनारा पावलांनी मोजत फिरला, मला काही दिसत नाही असं समजून. आणि आर्वी रोज यायचा, कुत्र्याला खायला घालायला, बर्फाखालची जाळी काढायला. बिचाऱ्याला मी कॉफी द्यायचे आणि मग खिडकी उघडायचे. सगळं घर डांबराने घमघमायचं. मार्चभर होडीला डांबर लावत होता म्हणे." मासा तव्यात पडून चरचरला. "खाऊन जा."

लेंपी खाऊन गेली. सिल्वीच्या बोलण्यातलं एक वाक्य तिच्या मनात कुसळासारखं रुतलं होतं, पण ते कोणतं हे तिला अजून सापडत नव्हतं.

यार्मो, विल्होच्या दिवंगत भावाचा मुलगा, शनिवारी दुपारीच हेलसिंकीहून आला. त्याला किनाऱ्यावर भाड्याच्या लाकडी घरांची रांग बांधायची होती. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, आणि हा दांडा तर चकचकीत गाडीतून आला होता. लेंपीने त्याला धक्क्यावर गाठलं.

"ईस्टरला कपाट उघडलंस?"

यार्मोचा चेहरा पडला. "तुम्हाला कसं कळलं? हो. काका परत येतील की नाही असं वाटत होतं. रायफलीला काय भाव येईल ते बघावं म्हटलं. मावशी, मी एक सांगू? काकांना सांगू नका." त्याने आवंढा गिळला. "माझ्या हातून ती पडली. तोंडावर. फरशीवर. तेव्हापासून झोप नाही मला. काकांचं निशाण माझ्यामुळेच चुकतंय ना?"

लेंपी त्याच्याकडे निरखून बघत राहिली. मग हसली.

"पडली तर माशी हलली असती. माशी हलली की सगळ्याच गोळ्या सारख्या चुकतात, पहिलीसुद्धा. इथे पहिली बरोबर जाते. आणि माशीची रेघ मी पाहिलीय. तू सुटलास." चाळिशीच्या यार्मोने लहान मुलासारखा श्वास सोडला. "आता आठवून सांग. हातात घेतलीस तेव्हा वेगळं काही वाटलं?"

"चिकट होती जरा. आणि वास. आमच्या घरी डांबराचा शॅम्पू असतो ना, तसा."

म्हणजे ईस्टरच्या आधीच कुणीतरी डांबर लावून झालं होतं. मार्चमध्ये. आणि त्या क्षणी लेंपीला सिल्वीचं वाक्य सापडलं. मार्चमध्ये गावातल्या सगळ्या होड्या उलट्या टाकलेल्या, कमरेएवढ्या बर्फाखाली असतात.

५

आर्वी हुत्तुनेन आपल्या सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या पायरीवर बसून जाळं विणत होता. रुंद पाठीचा, लाजरा म्हातारा. बोलण्याआधी टोपी काढणारा.

"आर्वी, मार्चमध्ये डांबर कशाला लावत होतास?"

सुई थांबली. आर्वीने टोपी काढली, पण बोलला नाही.

"मग मीच सांगते. चुकलं तर थांबव," लेंपी त्याच्या शेजारी बसली. "विल्होची रायफल बिघडलीय. ज्याने उघडली त्याच्यापाशी नेमका बसणारा स्क्रूड्रायव्हर होता. एकाही स्क्रूची खाच बिघडलेली नाही. त्याला पितळेचे तुकडे ठाऊक होते. म्हणजे यार्मो नाही, सिल्वी नाही. उरलास तू. आणि स्पर्धा जिंकलास तू. विल्होला एवढं पुरे झालं. मलाही काल रात्री पुरे झालं होतं."

आर्वीने टोपी हातात फिरवली.

"पण मग मी विचार केला. ज्याला रायफल बिघडवायची, तो माशीवर एक हातोडी मारून मोकळा होईल. नाहीतर पितळेचा एक तुकडा खिशात घालेल. हा माणूस मात्र ते तुकडे घासतो, उजळतो, जागच्या जागी ठेवतो. डांबराचा एक हात देतो, वाळू देतो, दुसरा देतो. कुणाला कधी दिसणार नाही त्या आतल्या खोबणीतसुद्धा देतो. वैरी एवढे कष्ट घेत नाही, आर्वी. हे माणूस फक्त आपल्या होडीसाठी करतो. नाहीतर मित्रासाठी."

सरोवरावरून वारा आला आणि विणलेलं जाळं हललं. आर्वीने सुई खाली ठेवली.

"लाकूड तडकलं होतं. पुढच्या बाजूला, बारीक. तो इस्पितळात पडलेला. डॉक्टर म्हणाले, चालेल की नाही सांगता येत नाही. मला काय करता येत होतं? मला काही करता येत नव्हतं! म्हटलं, निदान ही तरी धड असू दे, तो येईल तेव्हा. इकडे आणली. सौना तापवून झाल्यावरच्या उबेत लाकूड ठेवलं, स्की ठेवतो तसं. डांबर छान मुरलं. तीन हात दिले."

"उष्णतेने लाकूड वाकलं. आणि डांबराने फट भरली. त्याला का नाही सांगितलंस?"

आर्वीने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने भलतंच काही विचारलं होतं. "केलेलं सांगायचं असतं होय?"

 लेंपी ह्याच गावची होती. इथे कुणी कुणाच्या दारात फोडलेली लाकडं रचून ठेवतं आणि वर्षभर नाव सांगत नाही. सांगितलं तर केलेलं फुकट गेलं असं मानतात. आणि सौना, दारू आणि डांबर यांनी जे बरं होत नाही ते मरणाचंच दुखणं, असं तर तिची आजीही म्हणायची. आर्वीने विल्होच्या रायफलीला दारू तेवढी पाजली नव्हती.

तिने उभ्या आयुष्यात दुष्टपणा उकरून काढला होता. त्याची तिला सवय झाली होती. चांगुलपणा असा चोरासारखा लपून बसलेला तिला पहिल्यांदाच सापडला. 

आर्वी मात्र पांढरा पडला होता. "म्हणजे मी... म्हणजे तो माझ्यामुळे घर विकतोय?"

"सही सोमवारी आहे. तुझ्याकडे सँडपेपर आहे का?"

६

विल्होच्या पायरीवर आर्वी टोपी हातात धरून उभा राहिला. लेंपीने सगळं सांगितलं, कारण ते दोघे बोलले असते तर शरद ऋतू उजाडला असता. विल्होने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "गाढवा."

"हो," आर्वी म्हणाला.

"तीन हात?"

"तीन."

"आत ये. कॉफी गार होतेय."

सबंध संध्याकाळ ते दोघे टेबलावर वाकून होते. आर्वी टर्पेंटाइनने डांबर सोडवत होता, विल्हो गोल काठीला सँडपेपर गुंडाळून खोबण घासत होता, थोडं घासून कागदाची पट्टी घालून बघत होता. एकमेकांना शिव्या देण्यात मात्र दोघांनी कुचराई केली नाही. शेवटी पट्टी एका टोकाला शिरली आणि कुठेही न अडता दुसऱ्या टोकाला निघाली. विल्होने ती पुन्हा पुन्हा फिरवून पाहिली.

"हे झालं रायफलीचं," तो म्हणाला. "माझं उद्या कळेल." आणि लेंपीला दिसलं की तो घाबरलाय. इतके दिवस दोष रायफलीचा की हाताचा हा प्रश्न होता. आता रायफल सुटली होती, आणि आरोपी म्हणून तो एकटा उरला होता.

रविवारी खाणीत सगळे आले. सिल्वीने टोपलीत खायला आणलं होतं. यार्मो लांब गाडीपाशी उभा होता. विल्हो खुबा सांभाळत चटईवर पालथा झाला. आज वाळूच्या पिशव्या नव्हत्या. त्या त्यानेच लाथाडल्या होत्या.

पहिली गोळी. लेंपीने दुर्बिणीला डोळा लावला. मधोमध. त्यात नवल नव्हतं, पहिली नेहमीच जायची. दुसरी गोळी सुटली. दुसरी पहिलीच्या शेजारी होती. तिसरी त्या दोघींच्या मधे. चौथीचं भोक तिला दिसेना, ती घाबरली, आणि मग दिसलं की ते तिसरीतच मिसळलंय. पाचवी झाली तरी विल्हो थांबला नाही. नळीवरून वाफेसारखी हवा थरथरत होती, लाकूड तापलं असणार, पण तो भरत राहिला आणि सोडत राहिला. जिना कुठेही नव्हता. ठिपक्याच्या काळ्या पोटात एकच ओबडधोबड भोक होतं, कॉफीच्या कपाने झाकता येईल एवढं.

गोळ्या संपल्या. खाणीत आवाज विरत गेला आणि मग शांतता पसरली. अशी शांतता लेंपीने चर्चमध्येही अनुभवली नव्हती. शहात्तर वर्षांचा एक मोडक्या खुब्याचा माणूस, त्याच्याइतकंच म्हातारं एक लाकूड, आणि दोघांमधली ती केसभर रिकामी जागा. तिला वाटलं, आपण काहीतरी फार मोठं पाहिलं, आणि ते कुणाला सांगायला गेलो तर नुसतं भोकाचं वर्णन होईल.

"काय ते सांगशील का?" विल्हो ओरडला. त्याने मान वर केली नव्हती.

"उठा आणि स्वतः बघा," लेंपी म्हणाली. 

विल्होने दुर्बिणीतून पाहिलं. मग बाजूला झाला, दोन्ही हात उन्हात समोर धरले आणि त्यांच्याकडे बघत राहिला. त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. त्याने ते पुसलं नाही, कारण हात खाली घ्यायची त्याची इच्छा नव्हती.

मग त्याने रायफल उचलून आर्वीपुढे धरली. "घे. झाड दोन-चार गोळ्या."

आर्वी दोन पावलं मागे सरला. "नको."

"अरे घे की!"

"नको म्हणतो ना. चाळीस वर्षं बायकोला सांगत आलोय, विल्हो काही खास नाही, त्याची रायफल चांगली आहे. आता नेम लागला तर एवढी वर्षं फुकट हरलो म्हणून रडू, आणि चुकला तर घरी जाऊन काय सांगू?"

सिल्वी इतकी हसली की टोपलीतला पाव खडीत पडला. यार्मोही हसला. मग चुळबुळत पुढे आला आणि बोलायचं म्हणून बोलला, "काका, मग उद्याचे ते कागद...?"

विल्होने रायफल खांद्याला अडकवली.

"उद्या बटाट्यांना माती चढवायचीय," तो म्हणाला. "सहीला माझे हात मोकळे नाहीत."